उकळूनही न साकळणारा टाऊ

सणसवाडीत नगर रस्त्याच्या कडेने कंपन्यांच्या ट्रकांची रांग लागलेली असते. तिच्या पलीकडे, उरल्यासुरल्या शेतांच्या बांधावर अजून कडुनिंब दिसतो. पाडव्याला त्याची चार पानं तोंडात टाकायची, धान्याच्या कोठीत वाळलेला पाला घालायचा, एवढाच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध. पुण्यात पाषाणला, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मात्र याच झाडातले रेणू अल्झायमरमधल्या टाऊ नावाच्या प्रथिनापुढे उभे केले गेले.

मांडवाचे बांबू काथ्याने आवळावेत, तसा टाऊ चेतापेशीतल्या सूक्ष्मनलिकांना बांधून ठेवतो. अल्झायमरमध्ये त्याच्यावर फॉस्फेटचे गट गरजेपेक्षा जास्त चढतात, पकड सुटते आणि सुटलेल्या काथ्याचा पेशीतच गुंता होतो.

अभ्यासासाठी हा टाऊ जिवाणूंकडून बनवून घेतात. माणसाचं जनुक ई. कोलायमध्ये घालायचं, जिवाणू वाढवायचे, फोडायचे आणि तो रस चक्क ९० अंशांवर तापवायचा! बाकीची बहुतेक प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी साकळून तळाशी बसतात. टाऊ मात्र द्रावणातच राहतो. त्याला मुळात पक्की घडीच नसते, तर मोडणार काय? मग त्यात हेपॅरिन घालून मुद्दाम गुंता करवतात. थायोफ्लेविन हा रंग गुंत्याला चिकटला की चमकतो. चमक वाढली की गुंता वाढला, हे ओळखायचं. तंतू प्रत्यक्ष दिसतात ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

कडुनिंबातून वेगळी केलेली लिमोनॉइड संयुगं घातल्यावर तयार तंतू विरघळतात, असं या प्रयोगशाळेतल्या डॉ. सुबाशचंद्रबोस चिन्नाथंबी आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलं.

गोष्ट उमेद वाढवणारी, पण परीक्षानळीतली. रक्त आणि मेंदू यांमधला पडदा ओलांडणं हे पुढचं काम, आणि त्यानंतरही माणसांवरच्या चाचण्यांत भलेभले अडकतात. मेथिलीन ब्लूपासून बनवलेलं टाऊविरोधी औषध २०१६ मध्ये मोठ्या चाचणीत अपेशी ठरलं. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी मिळालेलं लेकानेमॅब अमायलॉइड या अल्झायमरमधल्या दुसऱ्या प्रथिनावर मारा करतं, टाऊवर नव्हे. त्याने दीड वर्षात घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. गेलेली स्मृती परत आणली नाही, शिवाय मेंदूला सूज येते का, हे पाहायला वारंवार एमआरआय करावा लागतो.

तेव्हा घरातल्या विसराळू आजोबांना कडुनिंबाचा काढा पाजू नका. त्याआधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. त्यांच्या कमतरतेनेही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे.