‘पडणे’ आणि ‘पाडणे’ : नगरवृक्षांचे संरक्षण व जतन

मराठीत काही क्रियापदे जोडीने नांदतात. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे या जोड्यांतील पहिले रूप अकर्मक आणि दुसरे सकर्मक होय. संस्कृतातील ‘पतति’ आणि ‘पातयति’ यांमधील भेदच प्राकृतातून मराठीत उतरून ‘पडतो’ आणि ‘पाडतो’ असा स्थिरावला आहे. अकर्मक रूपाचा विशेष असा की, घटना घडल्याचे ते सांगते. परंतु ती कोणी घडविली हा प्रश्न ते उपस्थितच होऊ देत नाही. नगरातील वृक्षांच्या बाबतीत हा भेद केवळ व्याकरणापुरता उरत नाही. पावसाळ्यात ‘झाड उन्मळून पडले’ अशी नोंद होते आणि तेथेच चौकशी संपते. ते झाड पडले की अनेक वर्षांच्या अवधीत हळूहळू पाडले गेले, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

या प्रश्नाची जाण कायद्याला मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ या कायद्यात झाड तोडणे या क्रियेची व्याख्या बरीच व्यापक केलेली आहे. झाड कापणे, जाळणे, इतकेच नव्हे तर त्यास कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे, या सर्वांचा तीत अंतर्भाव होतो. अधिनियमाच्या नावातील दोन शब्दही लक्षणीय आहेत. ‘संरक्षण’ म्हणजे बाहेरून येणाऱ्या अपायाचे निवारण. ‘जतन’ हा शब्द संस्कृत ‘यत्न’ या शब्दापासून आलेला आहे. त्यात सातत्याने करावयाच्या प्रयत्नाचा अर्थ मूळचाच आहे. संरक्षण एखाद्या मनाईहुकुमानेही साधू शकते. जतनास मात्र रोजचे हात लागतात.

प्रत्यक्षात या दोहोंपैकी पहिल्याचीच यंत्रणा अधिक विकसित झाली. वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, तोडीसाठी अर्ज, जाहीर सूचना, हरकती, परवानगी आणि दंड ही सारी साधने कोणीतरी झाड तोडू इच्छितो आणि ते उघडपणे तोडणार आहे, असे गृहीत धरतात. या यंत्रणेचे बळ व तिची मर्यादा मुंबईतील आरे येथील प्रकरणात एकाच वेळी दिसून आली. मेट्रोच्या कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडांचे पुनर्रोपण करण्यास २०१९ साली परवानगी मिळाली होती. त्या वर्षीच्या ४ ऑक्टोबर रोजी उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोडीस प्रारंभ झाला. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. परंतु तोवर २,१४१ झाडे तोडून झाली होती. येथे तोडणारा, तोडीचा दिवस आणि तोडलेल्या झाडांची संख्या ही तिन्ही ज्ञात होती. म्हणूनच वाद न्यायालयापर्यंत जाऊ शकला. २०१८ च्या वृक्षगणनेनुसार मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे होती. त्यांतील रस्त्याकाठच्या आणि आवारांतील असंख्य झाडांच्या वाट्याला येणाऱ्या अपायाला मात्र असा दिवस नसतो आणि असा कर्ताही नसतो.

हा अपाय मुख्यत्वे जमिनीखाली होतो. झाडाचा जेवढा विस्तार वर, तेवढीच त्याची मुळे खोल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. बहुतेक वृक्षांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात आणि आडवी पसरत पानोऱ्याच्या घेराच्याही बाहेर जातात. मुळांना पाण्याइतकीच हवेचीही आवश्यकता असते. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले किंवा पेव्हर ब्लॉक घट्ट बसविले की पाणी मुरत नाही, मातीतील हवा खेळत नाही आणि बारीक मुळे मरू लागतात. गटार वा केबल यांसाठी बुंध्यालगत चर खणला की त्या बाजूची आधारमुळेच छेदली जातात. चर बुजविला जातो, वर फरशी बसते आणि झाड काही वर्षे हिरवेच दिसत राहते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा शहरात शेकडो झाडे उन्मळली. परंतु त्याच वाऱ्यात त्यांच्या शेजारची असंख्य झाडे उभी राहिली. एवढ्यावरून प्रत्येक पडलेल्या झाडाची मुळे कोणी तोडली होती असे सिद्ध होत नाही; मात्र ‘वाऱ्याने पडले’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे, इतके निश्चित दिसते.

दुसरा अपाय डोळ्यांदेखत होतो. तथापि त्यास ‘छाटणी’ हे निरुपद्रवी नाव आहे. येथे भाषेतील एक रूपक दिशाभूल करते. माणसाची जखम ‘भरून येते’, तशी झाडाचीही येत असावी, असे आपण सहज मानतो. अमेरिकेच्या वनविभागातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९७७ साली मांडलेल्या विवेचनाने ही कल्पना बदलली. प्राण्याच्या शरीरात जखमी ऊतकाच्या जागी नवे ऊतक येते. झाडात तसे होत नाही. झाड जखमेभोवती रासायनिक व रचनात्मक भिंती उभारून कुजीला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड वाढविते. आतील जखम आयुष्यभर तशीच राहते. फांदी जेथे खोडास मिळते तेथे एक फुगीर वलय असते आणि झाडाची ही बचाव-व्यवस्था मुख्यतः तेथेच असते. म्हणून फांदी त्या वलयाच्या किंचित बाहेर कापावयाची असते. खोडाशी सपाट कापल्यास हे वलयच नष्ट होते आणि लांब खुंट ठेवल्यास तो कुजून रोगास वाट देतो. जड फांदी प्रथम खालून थोडी चिरून, नंतर वरून कापावी लागते. एरवी ती कोसळताना खोडाची सालही सोलून नेते. सरसकट शेंडा उडविल्याने तर झाडाचा अन्नसाठा आणि तोल दोन्ही बिघडतात व नंतर फुटणाऱ्या फांद्यांचा जोड कच्चा राहतो.

या दोन्ही अपायांचा शेवट एकाच ठिकाणी होतो. मुळे तुटलेले, खोड पोखरलेले झाड कालांतराने खरोखरच धोकादायक बनते. आणि धोकादायक झाड काढण्यास कोणताही कायदा हरकत घेणार नाही, घेऊही नये. अशा रीतीने जतनाचा अभाव संरक्षणालाही निष्फळ करतो.

जतनासाठी लागणाऱ्या गोष्टी अवघड नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ एप्रिल २०१३ रोजी दिल्लीपुरता आदेश देऊन झाडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्यास सांगितले. मराठी शेतकऱ्याच्या परिचयाचे ‘आळे’ ते याहून निराळे काय आहे? चर बुंध्यापासून दूर नेणे, खिळे, तारा व फलक काढणे, वाढत्या खोडात रुतणारे लोखंडी कुंपण वेळीच सैल करणे, पावसाळ्यापूर्वी जाणत्या हाताने मोजकीच छाटणी करणे आणि नव्या रोपांना पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी देणे, एवढ्याने बरेच साधते. यांतील शेवटची बाब तर आता अधिकच महत्त्वाची आहे. २०२१ च्या सुधारणेने पन्नास वा अधिक वर्षांच्या झाडास वारसा-वृक्षाचे स्थान दिले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचा दंडक घातला. तथापि साठ रोपे म्हणजे साठ वर्षांचा एक वड नव्हे. ती जगली तरच ही भरपाई अर्थपूर्ण ठरेल.

एक साधी सुधारणा येथे सुचविण्याजोगी आहे. पडलेल्या प्रत्येक झाडाच्या नोंदीत ठिकाण आणि जात यांजबरोबर मुळांची स्थिती, बुंध्याभोवतीचे आच्छादन, मागील काही वर्षांतील खोदकाम आणि छाटणी यांसाठीही रकाने असावेत. अशा नोंदी दहा वर्षे साठल्यास कोणती झाडे पडली आणि कोणती पाडली गेली, हे सांगता येईल. अधिनियमाच्या व्यापक व्याख्येतील ‘कोणत्याही प्रकारे इजा’ या शब्दांना व्यवहारात आधार मिळावयाचा असेल, तर तो अशा नोंदींतूनच मिळेल.