जुन्या धारेच्या दगडातलं तेल कसं काढायचं?

घरातल्या जुन्या दगडावर सुरी नुसती घसरते, धार लागतच नाही? बहुतेक वेळा दगड झिजलेला नसतो, बुजलेला असतो. कार्बोरंडमच्या दगडाला बारीक छिद्रं असतात. त्यात जुनं तेल आणि लोखंडाचा चुरा घट्ट बसतो.

दगड रात्रभर झाकणाच्या डब्यात रॉकेलमध्ये बुडवा, मग ताठ ब्रशने घासा. रॉकेल मिळत नसेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण चालेल. पाणी काळं झालं की बदला. शेवटी साबणाने धुऊन सावलीत वाळवा. आता पाण्याचा थेंब टाका. मुरला, तर छिद्रं मोकळी झाली.

एक काळजी नक्की घ्या: तेलकट दगड गॅसवर किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. तेल पेट घेऊ शकतं, दगडही तडकू शकतो.