दवाखान्यातील दुभाषी : यंत्र की माणूस?

बदलीच्या नोकरीत परक्या भाषेची पहिली गाठ शाखेच्या काउंटरवर पडते आणि तिची सवयही लवकर होते. तीच भाषा दवाखान्यात आडवी आली, की मात्र प्रश्नाचे गांभीर्य कळते. काही वर्षांपूर्वी मी चेन्नईतील शाखेत असताना आईला तेथील एका डॉक्टरांकडे नेले होते. ‘मधूनच घाबरं घाबरं होतं,’ असे तिने सांगितले आणि मी ‘तिला भीती वाटते’ असे इंग्रजीत सांगून मोकळा झालो. डॉक्टरांनी घरातील ताण, झोप, काळजी यांची चौकशी सुरू केली. आईला प्रश्नांचा रोख कळेना. अखेर तिने एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी टेबलावर अडखळता ठेका धरून दाखवला. डॉक्टरांनी लगेच हृदयाचा आलेख काढायला सांगितला. ठोके अनियमित होते. औषधाने आई सावरली. पण दोन्ही भाषा येत असूनही मी चांगला दुभाषी ठरलो नव्हतो, ही बोच राहिली.

आज अशा वेळी बहुतेक जण खिशातला मोबाईल पुढे करतात. आपण मराठीत बोलावे आणि समोरच्याने ते तमिळमध्ये ऐकावे, याचे आता नवल उरलेले नाही. मग दवाखान्यात माणसाच्या दुभाषेपणाची गरज संपली, असे समजावे काय?

एका शब्दाची किंमत

या विषयाच्या चर्चेत एक घटना वारंवार सांगितली जाते. १९८० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १८ वर्षांच्या एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. क्यूबाहून आलेल्या त्याच्या कुटुंबीयांनी ‘इंतोक्सिकादो’ हा स्पॅनिश शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ होता, काहीतरी खाण्यात आल्याने प्रकृती बिघडलेला. इंग्रजीतील मिळत्याजुळत्या शब्दावरून डॉक्टरांनी मात्र नशेचा अर्थ घेतला आणि त्याच दिशेने उपचार केले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो कायमचा चारही अवयवांनी अधू झाला. पुढे झालेल्या तडजोडीची रक्कम त्याच्या आयुष्यभरात सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरपर्यंत जाईल, असा हिशेब होता. तेथे दुभाषी बोलावला गेला नाही. कारण शब्द आपल्याला समजला आहे, असेच सर्वांना वाटत होते.

यंत्राची वाटचाल

२०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. डॉक्टरांच्या नेहमीच्या वापरातील १० इंग्रजी वाक्ये गूगलच्या यंत्राकडून २६ भाषांत उतरवून घेण्यात आली. २६० पैकी १५० भाषांतरे, म्हणजे ५७.७ टक्के, बरोबर निघाली. पश्चिम युरोपातील भाषांत हे प्रमाण ७४ टक्के, तर आशियाई भाषांत ४६ टक्के होते. त्यात आपली मराठीही होती. ‘तुमच्या पतीचे हृदय बंद पडले होते’ या आशयाच्या वाक्याचे मराठीत ‘हृदयाला कारावास झाला’ अशा अर्थाचे रूपांतर झाले. ‘अरेस्ट’ म्हणजे थांबणे आणि ‘अरेस्ट’ म्हणजे अटक, यांतील फरक यंत्राला उमगला नव्हता. हे वाचून हसू येते. पण ‘तुमच्या मुलाला झटके येत आहेत’ या वाक्याचे स्वाहिलीत ‘तुमचे मूल मरण पावले आहे’ असे झाले, हे वाचल्यावर ते हसू मावळते.

त्यानंतर यंत्रे झपाट्याने सुधारली. अमेरिकेत रुग्णाला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या सूचनांवर २०१९ साली झालेल्या अभ्यासात स्पॅनिशची अचूकता ९२ टक्के आणि चिनीची ८१ टक्के आढळली. २०२१ च्या अशाच अभ्यासात स्पॅनिश ९४ टक्क्यांवर होती. आर्मेनियन मात्र ५५ टक्क्यांवरच. ज्या भाषेतील मजकूर यंत्राला मुबलक मिळतो, तिचे भाषांतर चांगले होते, असा याचा साधा अर्थ आहे. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये सुरू झालेला केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ उपक्रम आणि मद्रास आयआयटीतील ‘एआयफॉरभारत’ गटाचे काम यांमुळे आठव्या अनुसूचीतील २२ भाषांना मोठे बळ मिळाले आहे. मेळघाटातील कोरकू भाषा मात्र त्या सूचीत नाही. आणि कोरकू माता मराठी डॉक्टरांसमोर येते, तेव्हा दुभाष्याची सर्वाधिक गरज तिलाच असते.

आणखी एक धोका ध्यानात घ्यावा लागेल. बोलणे ऐकून लिहून घेणाऱ्या एका प्रसिद्ध प्रणालीच्या २०२४ मधील अभ्यासात सुमारे १ टक्का ध्वनिमुद्रणांत कोणी न बोललेली वाक्ये लिहिलेली आढळली. बोलण्यात दीर्घ विराम असतील, तर हे अधिक घडत होते. आजारी माणूस तर थांबत थांबतच बोलतो.

माणूसही चुकतो

म्हणून माणसालाच निर्दोष ठरवणेही योग्य नव्हे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात उपचारांवर परिणाम करू शकतील अशा चुकांचे प्रमाण हंगामी दुभाष्यांच्या एकूण चुकांत २२ टक्के, तर व्यावसायिक दुभाष्यांच्या चुकांत १२ टक्के होते. शंभर तासांहून अधिक प्रशिक्षण घेतलेल्यांत ते अवघे २ टक्के होते. भाषा येणे आणि दुभाषी असणे यांतील अंतर या आकड्यांतून दिसते.

घरचा माणूस तर अनेकदा जाणूनबुजूनही चुकतो. ‘कर्करोग’ हा शब्द मुलगा आईपर्यंत पोहोचूच देत नाही. नवरा दुभाषी असेल, तर बायको काही गोष्टी बोलतच नाही. यंत्र असे काही लपवत नाही, हा त्याचा गुणच. परंतु ‘तिला दिवस गेले आहेत’ किंवा ‘दुखणे अंगावर काढले’ अशी वाक्ये शब्दशः परभाषेत गेली, तर गर्भवतीची आणि उपचारांवाचून दिवस काढलेल्या रुग्णाची खरी माहिती डॉक्टरांपर्यंत पोहोचणार नाही. शंका आली, की माणूस उलट प्रश्न विचारू शकतो. यंत्र बहुधा चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देते.

दुसरी सही

बँकेत ‘मेकर-चेकर’ ही पद्धत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून ती मंजूर करायची. नोंद करणारा अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे, तर चूक कोणाच्याही हातून होते म्हणून. अमेरिकी सरकारने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमात हेच तत्त्व दिसते. मजकूर रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने महत्त्वाचा असेल किंवा त्यात अचूकता अत्यावश्यक असेल, तर यांत्रिक भाषांतर पात्र मानवी भाषांतरकाराकडून तपासून घ्यावे, असे त्यात म्हटले आहे.

भेटीची वेळ, रक्ततपासणीची खोली, उपाशीपोटी यायचे की नाही, हे यंत्राने खुशाल सांगावे. निदान, औषधाची मात्रा आणि शस्त्रक्रियेची संमती यांवर मात्र माणसाची दुसरी सही हवी. पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच वैध, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात बंगाल व ईशान्य भारतातून, तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. न समजलेल्या भाषेतील कागदावरील अंगठा म्हणजे संमती नव्हे.

आपण काय करावे?

परप्रांतात उपचार घेताना काही गोष्टी आपल्या हाती असतात. यंत्राशी लहान, सरळ वाक्यांत बोलावे, वाक्प्रचार टाळावेत. औषधांची नावे, मात्रा व तारखा लिहून न्याव्यात. यंत्राने केलेले भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून पाहावे. लहान मुलांना दुभाषी करू नये. आणि निघण्यापूर्वी आपल्याला काय समजले, ते डॉक्टरांना एकदा सांगून दाखवावे.

आईने ही शेवटची सूचना आपल्या परीने केव्हाच अंगी बाणवली आहे. आजही मी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जातो. माझे इंग्रजी बोलणे संपले, की ती मला थांबवते आणि म्हणते, ‘आता त्यांना काय समजलं, ते मला मराठीत सांग.’