ब्राह्मी घ्यावी, पण कोणत्या विसरण्यावर?

परीक्षेला बसलेल्या पोरापासून सत्तरीतल्या आज्जीपर्यंत सगळ्यांच्या हाती एकच बाटली दिली जाते. ग्रंथ, प्रयोगशाळा आणि दवाखाना मात्र याबाबत तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

सोलापुरात गड्ड्याची यात्रा उरकली की दहावी-बारावीच्या घरांत अभ्यासाचा धोशा सुरू होतो. त्याच सुमाराला औषधांच्या दुकानात ब्राह्मी-शंखपुष्पीच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. काष्ठौषधींच्या दुकानात तर ब्राह्मीची वाळकी पानं, वेखंड, ज्येष्ठमध, मालकांगोणी असं सगळं तोलूनही मिळतं. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. एकाला पोराचं गणित पक्कं करायचं असतं, दुसऱ्याचं गाऱ्हाणं असतं, "आज्जीला आताशा काय ध्यानातच राहत नाही ओ." दोघांच्या पिशवीत पडतं ते बहुतेकदा एकच औषध.

गोंधळाचं मूळ इथेच आहे. परीक्षेच्या धास्तीनं न आठवणं, वय झाल्यावर माणसांची नावं ओठांवर न येणं आणि मेंदूच्या पेशी झिजत जाऊन होणारा स्मृतिभ्रंश या तीन निरनिराळ्या गोष्टी. तिन्हींसाठी एकदमच 'ब्राह्मीनं गुण येतो का' असं विचारलं, तर कोणतंही उत्तर अर्धवटच ठरणार.

बाटलीत नेमकी कोणती वनस्पती?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धी आणि स्मृतीसाठी चार 'मेध्य रसायनं' सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यातही शंखपुष्पीला विशेष मान. ब्राह्मीचं नाव या चौघांत नाही. ब्राह्मीचं तूप त्याच ग्रंथात येतं ते अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या चिकित्सेत.

आता बाजारातली ब्राह्मी घ्या. या एका नावाखाली दोन वनस्पती विकल्या जातात. एक जमिनीलगत पसरणारी, कातरलेल्या कडांच्या गोल पानांची. ती मंडूकपर्णी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, कोथिंबिरीच्या कुळातली. सोलापूरच्या कन्नड घरांत तिला ओंदेलग म्हणतात आणि तेलुगू घरांत सरस्वती आकू. दुसरी पाण्याच्या काठाला वाढणारी, लहान जाडसर पानांची नीरब्राह्मी, म्हणजे बकोपा मोनिएरी. ती इसबगोलाच्या कुळातली. दोघींचा वंश वेगळा, आतली रसायनंही वेगळी. माणसांवर झालेल्या स्मृतीच्या बहुतेक चाचण्या नीरब्राह्मीच्या आहेत आणि आपल्याकडे 'ब्राह्मी' म्हणून अनेकदा मंडूकपर्णी हाती पडते. शंखपुष्पीचीही तीच गत. त्या नावावर शंखवेल, विष्णुक्रांता आणि कधी चक्क गोकर्णही खपते.

ही वनस्पतिशास्त्राची चिकित्सा नुसती पुस्तकी नाही. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे उकळत होते. त्या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच वेल पोटात गेली असेल. वाद काहीही असो, वेल कोणती हे खात्रीनं ठाऊक नसताना ती रोज घेण्यात जोखीम आहे, एवढं दोन्ही बाजूंच्या म्हणण्यातून निघतंच.

तीन महिन्यांचा हिशेब

नीरब्राह्मीतले 'बॅकोसाइड' नावाचे घटक वेगळे काढण्याचं काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात झालं. पुढे माणसांवर चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयाच्या ७६ निरोगी माणसांना तीन महिने ब्राह्मी किंवा तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी दिली गेली. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं. २००२ मध्ये निष्कर्ष आला तो असा: ब्राह्मी घेणाऱ्यांनी नव्यानं शिकलेली माहिती कमी प्रमाणात विसरली. पण त्यांचा शिकण्याचा वेग वाढला नव्हता. २००८ मध्ये अमेरिकेत ६५ च्या पुढच्या ५४ जणांवर रोज ३०० मिलिग्रॅम अर्काची १२ आठवड्यांची चाचणी झाली. तिथेही शब्दांची यादी थोड्या वेळानं आठवून सांगण्यात सुधारणा दिसली.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. पहिली, परिणाम आहे, पण माफक आहे. दुसरी, तो १२ आठवड्यांनी मोजलेला आहे. पेपरच्या आठ दिवस आधी आणलेल्या बाटलीला या चाचण्यांचा आधार मिळत नाही. तिसरी, या चाचण्या ठरावीक ताकदीच्या, पोटात घेतलेल्या अर्काच्या आहेत. डोक्याला चोळायच्या ब्राह्मी तेलाला किंवा चिमूटभर चूर्णाला त्यांचं श्रेय देता येत नाही. तेलानं डोकं थंड वाटतं, मालिश करून घेतल्यावर झोपही बरी लागते. त्यापुढचा दावा तेलाच्या बाटलीवरच राहतो. अर्कानं काहींना मळमळ, पोटात कळ, वारंवार शौचाला होणं असे त्रासही होतात.

हे सगळं निरोगी माणसांचं झालं. अल्झायमरच्या रुग्णांचं काय? चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत अल्झायमर आणि सौम्य स्मृतिदोष असलेल्या ४८ रुग्णांवर ब्राह्मी विरुद्ध डोनेपेझिल ही प्रचलित गोळी, अशी वर्षभराची तुलना झाली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. जाहिरातवाल्याला यातून 'ब्राह्मी गोळीच्या तोडीस तोड' असं म्हणायचा मोह होईल. पण इतक्या थोड्या रुग्णांत फरक न दिसणं म्हणजे बरोबरी सिद्ध होणं नव्हे. शिवाय डोनेपेझिलसुद्धा आजार थांबवत नाही, काही काळ लक्षणं सावरते एवढंच.

झाडपाल्याला प्रयोगशाळेचं वावडं नाही

'झाडपाला की रसायन' हे भांडण मुळात पोकळ आहे. अल्झायमरवर आज दिलं जाणारं गॅलँटामीन स्नोड्रॉप या युरोपीय फुलझाडाच्या कंदांतून सापडलं. रायव्हास्टिग्मीनची घडण पश्चिम आफ्रिकेतल्या एका विषारी घेवड्यातल्या घटकावरून झाली. स्मृतीला लागणारं ॲसिटिलकोलीन मेंदूत जरा जास्त वेळ टिकावं, हे दोन्हींचं काम. वनस्पतीतून औषध निघालं ते घटक वेगळा काढून, मात्रा ठरवून, रुग्णांवर पारखून घेतल्यावर.

पारखताना निराशाही पदरी येते. जिंको हे चिनी परंपरेतलं झाड जगभर 'स्मृतीची गोळी' म्हणून गाजलं. अमेरिकेत ७५ च्या पुढच्या ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली; काहींना ते दिलं, काहींना बिनऔषधी गोळी. २००८ मध्ये उत्तर आलं, की त्यानं स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीची इतकी मोठी आणि इतकी लांब कसोटी अजून लागलेली नाही.

महाराष्ट्रात अशी पारख करणारी परंपरा आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी १९८९ मध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र सुरू केलं. त्यांनी आणि डॉ. उर्मिला थत्ते यांनी गुळवेलीसारख्या वनस्पतींवर आधुनिक औषधशास्त्राच्या शिस्तीनं काम केलं. त्याच केईएममधली एक नोंद प्रत्येक घराला माहीत असायला हवी. फिट्सवरची फेनिटॉइन ही गोळी नियमित घेणाऱ्या दोन रुग्णांना अचानक पुन्हा झटके येऊ लागले. चौकशी केली तेव्हा कळलं, की दोघं शंखपुष्पीचं तयार औषधही दिवसातून तीनदा घेत होते. उंदरांवर पडताळा घेतला, तर शंखपुष्पीसोबत रक्तातली फेनिटॉइनची पातळी उतरत होती. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. 'वनस्पतीच आहे, अपाय कसला?' या वाक्याला याहून चांगलं उत्तर मिळायचं नाही. जी वनस्पती रक्तात शिरून काम करू शकते, ती दुसऱ्या औषधाच्या कामात पायही घालू शकते.

विसरण्याआड दडलेला आजार

सगळ्यांत मोठा तोटा मात्र ब्राह्मीच्या दुष्परिणामांचा नाही, वाया गेलेल्या महिन्यांचा आहे. विसरण्याची काही कारणं साध्या उपचारानं दुरुस्त होतात: ब-१२ ची कमतरता, थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साठत गेलेलं रक्त, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या गोळ्यांचा परिणाम. ब-१२ ची गोष्ट तर आपल्या घरातलीच. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी निघालं. ते मिळतं प्राणिज पदार्थांतून. ब्राह्मीच्या काढ्यानं ही तूट भरून निघत नाही.

देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाखांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये आयुष्यात टाळता किंवा आटोक्यात ठेवता येतील अशी १४ कारणं मांडली. ती सगळी सांभाळली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतात, असं आयोग म्हणतो. ही यादी सोलापूर डोळ्यांपुढे ठेवून वाचावी. तिच्यात कमी शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि ऐकू कमी येणं हेही आहे. विड्या वळण्यासाठी लहानपणी शाळा सुटलेल्या बायका या शहरात आहेत. चादर-टॉवेलच्या यंत्रमागांच्या खडखडाटात उभी हयात काढलेले कामगार आहेत. कान मंदावला की माणूस बोलण्यातून बाजूला पडतो, आणि घरचे म्हणतात, "म्हाताऱ्याला समजंना झालंय." त्याला आधी कानाची तपासणी आणि श्रवणयंत्र लागतं.

मग घरच्यांनी ओळखायचं कसं? शेजारणीचं नाव क्षणभर न आठवणं आणि थोड्या वेळानं आठवणं हे वयाचं लक्षण. सिद्धेश्वराच्या देवळातून घरी यायची रोजची वाट चुकणं, वर्षानुवर्षं कुटत आलेल्या शेंगाचटणीत आधी काय आणि मग काय हा क्रमच हरवणं, पेन्शन काढून आणल्यावर पुन्हा बँकेत जायला निघणं, हे तपासणीचं लक्षण. अशा वेळी रक्ताच्या तपासण्या, गरजेनुसार मेंदूचा स्कॅन आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची झाडाझडती आधी व्हावी.

तपासणीत काही गंभीर निघालं नाही आणि ब्राह्मी घ्यायचीच असेल, तर वैद्यांना विचारून घ्या. लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, परवाना आणि बॅच क्रमांक पाहा. धातू-भस्मं असलेली औषधं स्वतःच्या मनानं चालू करू नका. अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांमधून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये नोंदलं गेलं आहे. फिट्सची, हृदयाची किंवा डोनेपेझिलसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांपासून काढा लपवू नका. तीन महिन्यांनी काही फरक पडला का, हे प्रामाणिकपणे तपासा आणि नसेल तर थांबा. 'स्मृतिभ्रंश मुळापासून बरा' म्हणणाऱ्या जाहिरातीकडे पाठ फिरवा. मेंदूच्या विकारांवरील इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानंच मनाई आहे.

सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आहे आणि डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचं 'सिव्हिल'ही आहे. वैद्य आणि औषधशास्त्रज्ञ एका टेबलाशी बसू शकतात, हे मुंबईच्या केईएमनं साडेतीन दशकांपूर्वी दाखवलं. आठवड्यातून एक दिवस दोन्हीकडच्या तज्ज्ञांची मिळून स्मृती-तपासणी इथे सुरू झाली, तर आज्जीला बाटली आणि निदान यांतून एकच निवडायची पाळी येणार नाही. निदान आधी होईल, आणि ब्राह्मीलाही स्वतःची लायकी सिद्ध करायला खरे रुग्ण आणि खरी नोंदवही मिळेल.