ओल असूनही भात का सुकतो?

उरण तालुक्यात खाडीकाठच्या भातशेतीचा जीव मातीच्या बांधात असतो. खोपटे, आवरे, पुनाडे, वशेणी या पट्ट्यात उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली, की समुद्राचे पाणी शेतात शिरते. पाणी ओसरते; मीठ मात्र मागे राहते. मग शेतात ओल असूनही रोपे मलूल होतात आणि पानांची टोके करपल्यासारखी दिसू लागतात.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की तिला पाणी सुटते. खाऱ्या मातीत मुळांचे जवळपास असेच होते. एरवी मुळांच्या पेशींतील रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी मुळांत ओढले जाते. मातीतले मीठ वाढले की ही ओढ कमी होते. पाणी समोर असूनही रोपाला ते घेता येत नाही. पाणी वाचवण्यासाठी रोप पानांवरची रंध्रे मिटून घेते. त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइडही कमी मिळतो आणि वाढ खुंटते.

ही झाली तहान. यानंतर विषबाधा सुरू होते. मिठातले सोडियम हे पिकाला लागणाऱ्या पोटॅशियमसारखेच भासते आणि त्याच्याच वाटेने आत शिरते. ते पानांत साठत जाते, पेशींची कामे बिघडवते. जुन्या पानांत ते सर्वाधिक साठते, म्हणून तीच आधी करपतात.

काही भातांकडे यावर उपाय असतो. 2005 मध्ये चीनमधील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील गटाने बंगालच्या ‘नोना बोक्रा’ या वाणातला एक जनुक उजेडात आणला. त्यापासून तयार होणारे प्रथिन मुळातून वर चढणाऱ्या रसातले सोडियम काढून घेते, त्यामुळे ते पानांपर्यंत कमी पोहोचते. कोकणातही ‘भुरा राता’, ‘काळा राता’ ही खाऱ्या जमिनीत टिकणारी जुनी भाते आहेत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल 1’, ‘पनवेल 2’, ‘पनवेल 3’ अशी क्षार सहन करणारी वाणे दिली आहेत.

पण सहनशक्तीला मर्यादा आहे. मातीची क्षारता ‘डेसीसायमन प्रति मीटर’ या एककात मोजतात. 4 च्या वर गेली की जमीन खारी समजतात. सर्वसाधारण भाताचे उत्पादन मात्र 3 च्या पुढेच घटू लागते आणि पुढच्या प्रत्येक एककाला सुमारे 12 टक्के कमी होते. समुद्राच्या पाण्याची क्षारता 50 च्या आसपास असते. इतका खारेपणा कोणतेही भात सोसू शकत नाही.

वेळही महत्त्वाची. बी रुजताना आणि फुटवे येताना भात मीठ बऱ्यापैकी सोसते. कोवळे रोप असताना आणि फुलोऱ्यात ते सर्वांत नाजूक असते. उन्हाळ्यात जमिनीतले खारे पाणी वर चढते, वाफ होऊन उडते आणि पृष्ठभागावर पांढरे पापुद्रे उरतात. पावसाच्या पहिल्या सरींनी हे मीठ धुऊन बाहेर गेल्यावरच पेरणी किंवा लावणी केली, तर कोवळी रोपे वाचतात. खारपट्ट्यात मोड आलेले बी फेकून पेरण्याची ‘रहू’ पद्धत आहे. तीही मीठ धुतल्यावरच साधते.

मात्र ऐन फुलोऱ्यात खांड पडली, तर त्या हंगामाचे पीक वाचवणे अवघड. पुढच्या हंगामासाठी पावसाच्या गोड्या पाण्याने जमीन धुवावी लागते आणि ते पाणी ओहोटीला उघाडीतून खाडीत सोडावे लागते. उघाडी गाळाने बुजली असेल, तर मीठ शेतातच मुरते. चांगले वाण उरलेला खारेपणा सोसेल, पण खाडीला बाहेर ठेवायचे काम बांधाचेच. म्हणून बांधाची डागडुजी आणि उघाडीची सफाई पावसाआधी झाली, तरच त्या बियाण्याचा उपयोग.