एका रेडिओची परीक्षा

गेली वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे. गठ्ठा समोर आला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण ज्या विषयातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्या विषयाचे परीक्षक होण्याची पाळी गेल्या दिवाळीत माझ्यावर आली. परीक्षार्थी होता एक रेडिओ. तळहाताहून थोडा मोठा, काळा, पुढे आकड्यांचा पडदा आणि त्याखाली बटणांच्या रांगा. कारखान्याचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर वाचक म्हणतील, दिवाळी अंकात जाहिरातींची पाने वेगळी असतात! चिनी बनावटीचा आहे, एवढे पुरे. या वर्गातले बहुतेक रेडिओ आज तिकडूनच येतात.

तो घेतला नानांसाठी. नाना म्हणजे माझे वडील. त्यांची सारी नोकरी एस. टी.च्या कचेरीत गेली. पण रात्रीची जेवणे झाली की ते मनाने परदेशी जात. दापोली तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओसरीवर कंदील, त्याच्याशेजारी रेडिओ, आणि रेडिओशेजारी एक लांबट वही. वहीत तारीख, वेळ, केंद्र आणि पाच आकडे. ऐकल्याचा अहवाल नाना त्या त्या केंद्राला टपालाने पाठवीत, आणि दोन-तीन महिन्यांनी मॉस्को, हिल्व्हरसम किंवा कोलोन येथून सुंदर चित्राचे पोचपत्र येई. पोस्टमन ते आधी स्वतः पाहून मग आम्हाला देई.

पुढे एकेक केंद्र मावळत गेले. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ साली लघुलहरींचा निरोप घेतला, रेडिओ ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या जानेवारीत. ३१ जानेवारी २०२० रोजी बी.बी.सी.ची लघुलहरींवरची हिंदी सेवा थांबली. त्या दिवशी नानांनी वहीत तारीख घातली, पुढे काही लिहिले नाही, आणि रेडिओ फळीवर ठेवून दिला.

चारच महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ आले. वीज गेली, मोबाइल मुके झाले, माडपोफळी आडव्या झाल्या. पुण्यात आम्हाला आठ दिवस आईनानांची खबर नव्हती. त्यांना मात्र फळीवरून काढलेल्या त्या रेडिओवर रात्री मुंबईच्या बातम्या मिळत होत्या. त्याच पावसाळ्यात खाऱ्या दमट हवेने रेडिओने मान टाकली. नंतर आई गेली आणि नाना पुण्यास आमच्याकडे आले. काचबिंदूने त्यांची दृष्टी आता इतकी मंदावली आहे की वहीतले आपलेच अक्षर त्यांना दिसत नाही. दिवस दिवस ते खिडकीशी बसून असत. म्हणून हा रेडिओ.

“अहो, मोबाइलवर जगातली सगळी स्टेशने लागतात. मग हा खर्च कशाला?” सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न गैर नव्हता. मोबाइलवर आवाज स्वच्छ येतो आणि खरखर मुळीच नसते. मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात नाना म्हणाले, “अगं, मोबाइलची रेंज गेली की तुझे सगळे जग जाते, सूनबाई. वादळात आम्ही ते पाहिलेय.”

आता लघुलहरी एवढ्या लांब कशा जातात, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्यावाचून पुढची परीक्षा कळायची नाही. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्भारित थर तयार होतात. कलकत्त्याचे प्रा. शिशिरकुमार मित्र यांनी या विषयावर १९४७ साली लिहिलेला ग्रंथ जगभर गाजला. यांतला वरचा थर, जमिनीपासून दोनशे ते चारशे किलोमीटरवरचा, लघुलहरींना परत खाली वळवतो. खाली आलेली लहर जमिनीवरून किंवा समुद्रावरून पुन्हा वर जाते. भिंतीवर चेंडू आपटावा तशी ती उड्या घेत जाते, आणि एकेक उडी तीन-चार हजार किलोमीटरांचीही असू शकते. दिवसा मात्र साठ ते नव्वद किलोमीटरवर आणखी एक थर असतो, तो कमी कंपनांच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरून जातो. म्हणून दिवसा १९ किंवा १६ मीटरचा पट्टा धरावा आणि रात्री ३१, ४१, ४९ मीटरचा. मीटरचे मेगाहर्ट्झ करायचे तर ३०० ला मीटरने भागावे. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईतून गुप्तपणे चालवीत ते काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर होते; म्हणजे आजच्या पडद्यावर सुमारे ७ मेगाहर्ट्झ.

आणखी एक खुलासा. रेडिओ ‘डिजिटल’ आहे याचा अर्थ लहरी डिजिटल आहेत असा नाही. १९५२ साली आकाशवाणीवर चित्रपटगीतांना उतरती कळा लागली आणि अवघा देश गीतमालेसाठी रेडिओ सिलोनकडे वळला, तेव्हाच्या लहरी आणि आजच्या लहरी एकाच जातीच्या. पूर्वी जे काम कॉइल आणि कंडेन्सर करीत, ते आता नखाएवढी एक चकती गणिताने करते, एवढाच फरक. डिजिटल प्रक्षेपण ही निराळी चीज, आणि तिला रेडिओही निराळा लागतो.

धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी, रात्री नऊ वाजता, दिवाणखान्यात परीक्षा सुरू झाली. नातीने, म्हणजे आमच्या चिमीने, बटणे दाबली. आणि मधमाश्यांचे मोहोळ उठावे तसा आवाज घरभर घुमला. ३१ मीटर, ४१, ४९, सगळीकडे तेच मोहोळ. चिनी भाषेतले एक केंद्र तेवढे त्यातून डोके वर काढी. मी मनात लाल पेन उघडले आणि भोपळा लिहिला.

“रेडिओला कशाला नापास करतोस?” नाना म्हणाले. “हे घर बोलतेय. मेन स्विच बंद कर.”

घरात अंधार झाला आणि मोहोळ निम्म्याहून खाली बसले! मग आम्ही गुन्हेगार एकेक करून शोधले. एल.ई.डी. दिवे, मोबाइलचे चार्जर, टी.व्ही.ची पेटी, इंटरनेटची पेटी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आकाशकंदिलाभोवतीची नवी दिव्यांची माळ. या स्वस्त वस्तूंच्या आतली मंडले विजेची भराभर उघडझाप करतात आणि त्यातून खरखर बाहेर पडते. उरलेली खरखर शेजाऱ्यांची होती, आणि त्यांचे मेन स्विच काही आपल्या हाती नाहीत. शिवाय स्लॅबमधल्या लोखंडी गजांमुळे बाहेरची लहर आत येताना क्षीण होते. तात्पर्य, दुकानातून आणलेला रेडिओ दिवाणखान्यात लावून त्याला नावे ठेवू नयेत.

मग आम्ही गच्चीवर गेलो. तिथे नानांनी जी प्रश्नपत्रिका काढली, ती कोणत्याही रेडिओला लागू पडेल, म्हणून क्रमाने देतो.

पहिला प्रश्न हजेरीचा. रात्री १० मेगाहर्ट्झवर लावले की टक, टक, टक असे सेकंदांचे ठोके ऐकू येतात. ते चीनच्या शान्सी प्रांतातले वेळ सांगणारे केंद्र. पुण्याहून सुमारे चार हजार किलोमीटर. त्याची कंपने अचूक असतात. पडद्यावर बरोबर दहा हजार किलोहर्ट्झ असताना ठोके सर्वांत स्वच्छ आले, तर आकडा खरा. आमचा परीक्षार्थी येथे उत्तीर्ण.

दुसरा प्रश्न ग्रहणशक्तीचा. मोठे केंद्र कुठलाही रेडिओ पकडतो. परीक्षा लागते ती क्षीण केंद्राची, आणि तीही तुलनेने. खालच्या मजल्यावरच्या काकांचा जुना ट्रान्झिस्टर आम्ही आणला. दोन्ही रेडिओ एकाच जागी, एकाच केंद्रावर, एकाच मिनिटाला ऐकले. आवाज दहा मिनिटांत चढतो-उतरतो. म्हणून काल एक ऐकला आणि आज दुसरा, अशा तुलनेला अर्थ नाही. नवा रेडिओ सरस ठरला, पण थोडक्यात.

तिसरा प्रश्न निवडीचा. लघुलहरींवर केंद्रे पाच-पाच किलोहर्ट्झवर बसतात, सिंहगडाच्या सकाळच्या बसमधल्या उतारूंसारखी. बलिष्ठ केंद्राशेजारचे दुबळे केंद्र वेगळे ऐकू येते का? येथे नव्या रेडिओने बाजी मारली. झरोका अरुंद करण्याचे एक बटण दाबले की शेजाऱ्याची कटकट थांबते. आवाज थोडा कोंदट होतो, पण शब्द कळतो.

चौथा प्रश्न मोहाचा. अंगच्या एरियलने इतके ऐकू येते, तर लांब तार जोडल्यावर काय होईल? मी हौसेने पंधरा मीटर तार ताणली. झाले असे की शहरातली बलवान केंद्रे आत घुसली, आणि नसत्या जागी भलतीच केंद्रे बोलू लागली. नाना हसले. “लहान पोराला पंक्तीत बसवून चार लाडू वाढलेस!” चार-पाच मीटर तार पुरे झाली.

पाचवा प्रश्न एस.एस.बी.चा. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवर हौशी नभोवाणीवाले एकमेकांशी बोलतात. साध्या रेडिओवर ते बदकांच्या भांडणासारखे वाटते. या रेडिओवर बटण दाबून चकती हलके फिरवली आणि बदकांची माणसे झाली. पण त्या हलके फिरवण्याला चिमीची बोटे लागली. माझ्याने ते जमले नाही.

सहावा प्रश्न छापील माहितीपत्रकात कुठेच नसतो. तासभर ऐकून कान शिणतो का? आणि ज्याला पडदा दिसत नाही, त्याला रेडिओ वापरता येतो का? येथे मात्र परीक्षार्थी सपशेल पडला. सगळी बटणे सारख्या आकाराची, एकेका बटणाची दोन-दोन कामे. नाना बोटांनी चाचपत राहिले आणि दोनदा त्यांच्या हातून रेडिओ बंदच पडला. शेवटी सौभाग्यवतींनी टिकल्यांचे पाकीट आणले. चालू-बंदच्या बटणावर एक टिकली, पाचाच्या आकड्यावर एक आणि पट्टा बदलायच्या बटणावर दोन. दुसऱ्या दिवसापासून नाना कोणाला हाक न मारता रेडिओ लावू लागले.

तरी ‘लांबचे’ म्हणावे असे काय ऐकले, हा प्रश्न उरलाच. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केंद्र कुठले हे न विचारता प्रक्षेपक कुठे आहे ते विचारावे. बी.बी.सी.चे इंग्रजी लागले की आपण लंडन गाठले असे वाटते. पण तो आवाज ओमानमधल्या प्रक्षेपकावरूनही आलेला असू शकतो, आणि ओमान म्हणजे आपल्या अरबी समुद्राची पलीकडची पायरी. रुमानियाचे केंद्र मात्र रुमानियातूनच बोलते. पुण्याहून बुखारेस्ट सुमारे सव्वापाच हजार किलोमीटर. ते गच्चीवर स्वच्छ लागले, तेव्हा नानांनी मान डोलावली. पण वही मागितली नाही.

भाऊबीज आटोपून आम्ही कोकणात गेलो. दुसऱ्या संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास, नेहमीप्रमाणे वीज गेली. नाना ओसरीवर रेडिओ घेऊन बसले होते. खरखर जवळजवळ नव्हतीच; एवढी शांतता पुण्याच्या गच्चीवर शोधून सापडायची नाही. मी आत होतो. नानांची हाक आली, “अरे, परसात कसला पक्षी ओरडतोय?”

मी कान दिला. घंटेसारखे दोन-तीन स्वर, थोडे थांबून पुन्हा तेच. परसात पक्षी नव्हता. तो रेडिओत होता! थोड्याच वेळात इंग्रजीत निवेदन झाले. न्यूझीलंडचे पॅसिफिकसाठीचे केंद्र. घंटापक्ष्याचा आवाज ही त्याची खूण. आमच्या ओसरीपासून बारा हजार किलोमीटरांहून अधिक. आवाज बुडे, पुन्हा वर येई. नाना रेडिओ कानाशी धरून, श्वास रोखून बसले होते. पाच-सात मिनिटांनी केंद्र लाटांत गेले ते गेलेच.

“चिमे, वही आण,” नाना म्हणाले.

वहीतले ते पाच आकडे कशाचे, हे मला त्या दिवशी कळले. आवाजाची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, खरखर, लहरींचे हेलकावे आणि एकंदर श्राव्यता. प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि पाच म्हणजे उत्तम. म्हणजे नाना माझ्याही आधीपासूनचे परीक्षक! ते सांगत गेले आणि मेणबत्तीच्या उजेडात चिमीने लिहिले: २, ४, ४, ३, २.

वाचकहो, असा रेडिओ घ्यावा का? जुन्या आठवणीतली केंद्रे पुन्हा ऐकायला म्हणून घेणार असाल, तर पैसे वाया जातील. त्यांतली पुष्कळशी आता नाहीतच. घरबसल्या स्वच्छ गाणी हवी असतील, तर मोबाइल बरा. पण रात्री अर्धा तास गच्चीवर बसायची तयारी असेल, आणि वीज व रेंज गेल्यावरही घरात एक कान उघडा असावा असे वाटत असेल, तर अवश्य घ्या. घेताना आकडा थेट दाबण्याची सोय, झरोका अरुंद करण्याचे बटण आणि एस.एस.बी. एवढे पाहा. बॅटरी गावातल्या दुकानात मिळेल अशीच असावी. चार्जर लावून ऐकू नका. त्याचीच खरखर येते. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा भर २०२४ च्या सुमारास येऊन गेला. भराच्या आसपासची वर्षे वरच्या पट्ट्यांना अनुकूल असतात, तेव्हा उशीर करू नये.

माझ्या लाल पेनाने त्या रेडिओला शंभरपैकी पासष्ट गुण दिले. पस्तीस कापले ते बटणांपायी. नानांना मी ते सांगितले. ते अहवाल मजकुरासाठी चिमीला न्यूझीलंडचा पत्ता शोधायला सांगत होते. मला म्हणाले, “तुझे गुण राहू देत. आधी पाकिटाला तिकीट किती लागेल ते पोस्टात विचारून ये.”