बंद कपाटातला इशारा

एखादी गोष्ट छापून प्रसिद्ध झाली म्हणजे ती सर्वांना कळली, असे आपण सहज धरून चालतो. पण हे नेहमीच खरे असते का? एक उदाहरण पाहा.

२०१४ साली पश्चिम आफ्रिकेतील गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या देशांत इबोला या विषाणुजन्य रोगाची भयंकर साथ पसरली. साथ संपेपर्यंत ११,००० हून अधिक माणसे दगावली. हा रोग आपल्या देशात येऊ शकेल, याची लायबेरियातील आरोग्य अधिकाऱ्यांना कल्पनाच नव्हती. मग एक जुना शोधनिबंध त्यांच्या पाहण्यात आला. लायबेरियातील काही लोकांच्या रक्तात इबोलाची प्रतिपिंडे आढळली आहेत, तेव्हा या देशालाही इबोलाच्या टापूत धरावे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. निबंध प्रसिद्ध झाला होता १९८२ साली, एका युरोपीय नियतकालिकात! लेखकांत एकही लायबेरियन नव्हता. या अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहिले, की असा एक निबंध विकत घ्यायला ४५ डॉलर पडतात. म्हणजे तिथल्या डॉक्टरचा सुमारे अर्ध्या आठवड्याचा पगार.

असे का व्हावे? शोधनिबंध लिहिणाऱ्याला आणि तो तपासणाऱ्या तज्ज्ञांना सहसा मोबदला मिळत नाही. छपाईचा व इतर खर्च, आणि प्रकाशकाचा नफा, ग्रंथालयांच्या वर्गणीतून निघतो. ज्या विद्यापीठाला वर्गणी परवडत नाही, त्याच्यापुरते ते कपाट बंदच. इंटरनेट आल्यावर ही रीत बदलता येईल असे अनेकांना वाटू लागले. संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, असा जाहीरनामा २००२ साली बुडापेस्ट येथून निघाला. यालाच ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे मुक्तद्वार प्रकाशन म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आफ्रिकेतील प्राध्यापकांना याचा आनंदच झाला असेल. झाला, पण अर्धाच! टांझानिया, नायजेरिया अशा देशांतील विद्यापीठांत झालेल्या पाहण्यांत एक गंमत दिसते. मुक्त निबंध वाचायला संशोधक उत्सुक असतात. स्वतःचा निबंध तिथे द्यायला मात्र कचरतात. हा मागासलेपणा नव्हे. त्याला कारणे आहेत.

पहिले कारण पैशाचे. वाचकाने पैसे द्यायचे नाहीत, तर मग कोणी? पुष्कळ नियतकालिके ते लेखकाकडून घेतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘प्लॉस बायॉलॉजी’चे शुल्क आरंभीच १,५०० डॉलर होते. अतिगरीब देशांतील लेखकांना बहुधा माफी मिळते. पण दक्षिण आफ्रिकेसारखा मध्यम उत्पन्नाचा देश सहसा पूर्ण माफीत बसत नाही. म्हणजे वाचकाचे दार उघडले, तर लेखकाचे बंद झाले!

दुसरे कारण बढतीचे. नामांकित परदेशी नियतकालिकातील निबंधाला विद्यापीठात वजन असते. नव्या मुक्त नियतकालिकाकडे संशयाने पाहिले जाते. त्यात काही लबाड प्रकाशक तज्ज्ञांकडून तपासणी न करताच पैसे घेऊन काहीही छापतात. त्यामुळे प्रामाणिक नियतकालिकांचेही नाव खराब होते.

यातून वाट आहे का? आहे. आमच्या भौतिकीत १९९१ पासून ‘आर्काइव्ह’ नावाचा संगणकीय साठा आहे. संशोधक आपले हस्तलिखित तिथे ठेवतो. ना लेखकाला खर्च, ना वाचकाला. आफ्रिकेतील अनेक विद्यापीठांनीही असे साठे उभारले आहेत. आफ्रिकेतच निघणारी नियतकालिके ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ १९९८ पासून जगापुढे आणत आहे. मूळ ब्राझीलमधील ‘सायेलो’ची दक्षिण आफ्रिकेतील शाखा २००९ मध्ये सुरू झाली. अर्थात हा खर्च कोणीतरी सोसतोच: सरकार, विद्यापीठ किंवा एखादी संस्था. तो लेखक-वाचकांच्या खिशातून जात नाही, इतकेच.

आता एक प्रयोग करा. वर्तमानपत्रात ‘शास्त्रज्ञांना असे आढळले’ अशी बातमी दिसली, की शिक्षकांच्या मदतीने मूळ निबंध शोधा. तो उघडतो का पाहा. उघडला तर त्याचा खर्च कोणी दिला असेल, आणि न उघडला तर त्यावाचून कोणाचे अडत असेल, याची वर्गात चर्चा करा.